नगरांचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

आपल्या माळव्याच्या आणि निमाडच्या इतिहासात होळकर, पवार व शिंदे ह्या घराण्यांची नावे घरोघरी ठाऊक आहेत. धार, देवास, इंदूर ही नावे उच्चारली की मराठी कुटुंबांना आपल्या पूर्वजांच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु ह्याच माळव्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक परदेशी गृहस्थ हातात नकाशा व डोक्यावर विस्कटलेले केस अशा अवतारात बोळाबोळांतून हिंडत होता आणि पुढे एका दिवसापुरता तो इंदूरचा महाराजा झाला, ही हकीकत फार थोड्यांना माहीत असेल. कुक्षीहून इंदूर सुमारे दीडशे किलोमीटर. औषधोपचारासाठी, शिक्षणासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आपण तेथे जातो. तेव्हा त्या शहराच्या पडक्या घरांना व घाणीने भरलेल्या परसांना ज्याने प्रथम वैद्याच्या नजरेने पाहिले, त्या सर पॅट्रिक गेडिस ह्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थिमित्रांस सांगावे, असे आम्हांस वाटले.

गेडिस ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर ह्या गावी झाला. (महात्माजींची जन्मतिथीही हीच, वर्षे मात्र पंधराने निराळी.) वडील अलेक्झांडर गेडिस हे पलटणीतील शिपाईगडी. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या एका टेकडीवरील घरी राहावयास आले. ह्या घराभोवती बाग होती, आणि गेडिस ह्यांची पहिली शाळा ती हीच. बटाट्याचे वाफे कसे आखावेत, फळझाडाला आधार कसा द्यावा, ह्या गोष्टी त्यांनी वडिलांच्या पाठीमागे फिरून शिकून घेतल्या. टेकडीवरून खाली पाहिले की नदी, शेते व पर्थ शहर एकाच दृष्टिक्षेपात दिसे. शेत आणि शहर ही एकाच चित्राची दोन अंगे आहेत, हा त्यांचा पुढील आयुष्यातील सिद्धान्त त्या टेकडीवरच रुजला असे म्हणावयास हरकत नाही.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ पेढीत नोकरी केली. ती त्यांना मानवली नाही. मग एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यास गेले, तर वाळलेल्या झाडांची चिरफाड पाहून आठवड्याभरातच तेथून बाहेर पडले! पुढे लंडनमध्ये हक्स्ले ह्या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्यातील पहिल्या भागाचे अनुकरण करू नये, हे सांगणे नलगे.

त्यांच्या तरुणपणातील एक प्रसंग मात्र नीट सांगितला पाहिजे. कारण त्यांच्या कार्यपद्धतीचे मूळ तेथे आहे. १८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिको देशात गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी गेली. ज्याने सूक्ष्मदर्शकाच्या बळावर जीवन घालवावयाचे, त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहावे लागले. हाताला लागणाऱ्या खिडकीच्या चौकटी ते चाचपीत. चौकटीतील एकेका तावदानाला त्यांनी मनातल्या मनात एकेक विषय वाटून दिला आणि शेजारशेजारच्या विषयांचा संबंध काय, ह्याचा विचार ते करू लागले. दृष्टी परत आली, पण पूर्वीची राहिली नाही. सूक्ष्मदर्शकाचे काम हळूहळू सुटले. खिडकीची ती सवय मात्र जन्मभर राहिली. कागदाची घडी घालून त्याचे नऊ चौकोन पाडावयाचे व त्यांत स्थळ, काम आणि लोक ह्या तीन गोष्टी मांडून त्यांच्या गाठी जुळवावयाच्या, हा त्यांचा छंदच झाला. घर म्हटले की गवंडी फक्त भिंत पाहतो, डॉक्टर फक्त रोग पाहतो, इंजिनियर फक्त गटार पाहतो, आणि सावकार फक्त भाडे. गेडिस ह्यांच्या कागदावर हे सगळे शेजारी शेजारी बसत आणि मध्यभागी त्या घरात राहणारे कुटुंब असे.

ह्या विचाराची पहिली कसोटी एडिंबरोमध्ये लागली. त्या शहराचे जुने व नवे असे दोन भाग आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून श्रीमंत लोक नव्या भागात राहावयास गेले आणि जुन्या भागातील पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या दगडी इमारती गोरगरिबांनी गच्च भरल्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब, अंधारे जिने, मागील चौकात केरकचऱ्याचे ढीग, रोगराई तर पाचवीला पुजलेली. शहराच्या कारभाऱ्यांना ह्यावर एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे पाडून टाकणे. पाडलेल्या घरांतील माणसे शेजारच्या घरांत शिरत आणि तेथील गर्दी दुप्पट होई, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कोठेही दिसत नसे.

१८८६ साली गेडिस ह्यांचा विवाह ॲना मॉर्टन ह्या सुशील व संगीतनिपुण स्त्रीशी झाला. दुसऱ्याच वर्षी ह्या जोडप्याने नव्या शहरातील स्वच्छ घर सोडले आणि जुन्या भागातील जेम्स कोर्ट नावाच्या चौकात, त्याच गरिबांच्या इमारतीत, बिऱ्हाड केले. दुरून उपदेश करणारे पुष्कळ असतात. शेजारी राहावयास येणारे विरळा. ह्या बिऱ्हाडाचा खरा भार ॲनाबाईंनी वाहिला, आणि तो आपल्याकडील चरित्रकारांनी पुरेसा सांगितलेला नाही, असे आमचे मत आहे. नवराबायकोंनी आधी स्वतःची जागा घासून पुसून घेतली, भिंतींना रंग दिला, खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांस हाताशी धरले. चौक झाडून निघाला. ज्या पडक्या बांधकामाने मागच्या खोल्यांचा उजेड अडविला होता तेवढेच उतरविले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती भरून झाडे लावली. इमारत तीच, माणसेही तीच. पण घरात वारा खेळू लागला आणि मुलांना अंगण मिळाले.

ह्या एका चौकातून काम वाढत गेले. १८८७ पासून काही जुन्या इमारती दुरुस्त करून तेथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली व त्यांचा कारभारही विद्यार्थ्यांच्याच हाती देण्यात आला. किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्झी गार्डन नावाचा सुंदर इमारतींचा समूह उभा राहिला. १८९२ साली गेडिस ह्यांनी एक जुना मनोरा घेऊन त्याचे एक आगळे संग्रहालय केले. अगदी वरच्या मजल्यावर जाऊन प्रथम सबंध शहर डोळ्यांखाली घालावयाचे, मग एकेक मजला उतरत शहर, देश, खंड आणि अखेर सबंध जग अशी प्रदर्शने पाहावयाची, असा तेथील क्रम होता. आधी पाहणी, मग उपाय, ही शिस्त त्यांना लोकांच्या डोळ्यांपुढे उभी करावयाची होती.

येथे त्यांच्या स्वभावातील एक उणीवही सांगितली पाहिजे. पैशाचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. पत्नीला माहेरून मिळालेली रक्कमही ह्या इमारतींत गेली. एक काम पुरे होण्यापूर्वी दुसरे हाती घ्यावयाचे, कर्ज काढावयाचे आणि गवंड्याची बिले टेबलावर साठत ठेवावयाची, असा प्रकार चाले. शेवटी १८९६ साली मित्रांनी एक मंडळी स्थापून हा सर्व पसारा आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा घर सावरले. त्यांचे वक्तृत्वही विचित्रच होते. दाढीत पुटपुटल्यासारखे ते बोलत, आणि मागच्या बाकावर काही ऐकू येत नसे. तरीही डंडी येथील महाविद्यालयात १८८८ पासून १९१९ पर्यंत ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ही जागा त्यांच्या सोयीची होती. वर्षातून उन्हाळ्याचे तीनच महिने शिकवावे लागे, बाकीचे नऊ महिने शहरांच्या सेवेस मोकळे.

एडिंबरोतील सर्वांत बोधप्रद काम मात्र लहानसेच होते. १९०९ साली गेडिस ह्यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील पडीक जागांची मोजणी केली. घरांच्या मागे, भिंतींच्या कोपऱ्यांत, पाडलेल्या इमारतींच्या जागी असे पाऊणशेच्या आसपास तुकडे सापडले, आणि सगळ्यांची बेरीज केली तर ती सुमारे दहा एकर भरली! इतक्या दाट वस्तीत दहा एकर जमीन केवळ कचरा टाकण्यासाठी पडून होती. त्यांची कन्या नोरा हिने पुढाकार घेतला, शेजारपाजारच्या मुलांना व बायकांना बरोबर घेतले आणि त्यांतील दहाएक तुकड्यांच्या दोन-तीन वर्षांत बागा केल्या. त्यांतील एक-दोन बागा शंभर वर्षांनंतर आजही हिरव्या आहेत. गेडिस ह्यांच्या मते बाग ही श्रीमंतांच्या बंगल्याची शोभा नव्हे. सर्व जीवसृष्टी अखेर हिरव्या पानावर जगते, पैशावर नव्हे, असे ते वारंवार सांगत. ज्या घरातील मुलाने कधी बी पेरले नाही, त्या घराची दुरुस्ती अर्धवट राहिली असे ते समजत.

आता ते भारतात कसे आले ते पाहू. १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांनी त्यांना आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येण्याचे निमंत्रण दिले. प्रदर्शनाचे नकाशे, चित्रे व आराखडे क्लॅन ग्रँट नावाच्या बोटीवर चढविले गेले आणि ती बोट एमडेन ह्या जर्मन युद्धनौकेने बुडविली. ह्याच एमडेनने मद्रासवर तोफा डागल्या होत्या, हे वाचकांस आठवत असेल. आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाशी गेली, पण साठीचे गेडिस डगमगले नाहीत. इंग्लंडातील मित्रांनी नवे साहित्य गोळा करून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्यानंतर तंजावर, मदुरा, लखनौ, बलरामपूर, लाहोर, डाक्का, बडोदा अशी कितीतरी शहरे त्यांनी पायाखाली घातली. मुंबई इलाख्यातील ठाणे व वांद्रे ह्यांचाही त्यांत समावेश होता.

त्या काळचे वातावरण लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कामाची किंमत कळते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासताना काय अनर्थ केले आणि रँडसाहेबाचा वध का झाला, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. त्यानंतर शहरसुधारणा म्हणजे सरकारी माणसांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावयाची आणि रेघेखाली जे घर, देऊळ, झाड येईल ते सपाट करावयाचे, असा शिरस्ता पडला होता. गेडिस ह्यांनी ह्याला शस्त्रवैद्याची उपमा देऊन विरोध केला. चांगला शस्त्रवैद्य रोग्याचा हात कापण्यापूर्वी शंभर वेळा नाडी पाहतो आणि कापावेच लागले तर सडलेले बोटच कापतो. त्याचप्रमाणे शहरातही शक्य तितके राखून, अगदी नाइलाज असेल तेवढेच पाडावे, असे त्यांचे म्हणणे.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चाले? गेडिस पहाटे उठून वस्तीत जात आणि गल्लीबोळांतून तासन् तास हिंडत. बरोबर नकाशा असे, पण नकाशात नसलेले ते पाहत. हे घर भक्कम आहे, ह्याचे छप्पर गळते पण भिंती चांगल्या आहेत, हे मात्र कोसळलेलेच आहे, अशी प्रत्येक घराची नोंद होई. विहीर कोठे, पार कोठे, बायका पाणी भरण्यास कोणत्या वाटेने जातात, मुले कोठे खेळतात, हेही टिपले जाई. मग असे आढळून येई की दाट वस्तीतही पुष्कळ घरे आधीच पडून त्यांचे उकिरडे झालेले आहेत. तेवढे उकिरडे साफ केले, दोन-चार पडायला आलेली घरे उतरविली, एखादा ओटा हातभर मागे घेतला, की बोळ आपोआप रुंद होई आणि मध्येच एक चौक निघे. त्या चौकात एक झाड, झाडाभोवती पार, शेजारी दुरुस्त केलेली विहीर. ज्यांची घरे जात त्यांना जवळपासच जागा मिळावी असा आग्रह असे. खर्च सरळ रस्त्याच्या खर्चाच्या मानाने अगदीच थोडा. तळी व विहिरी डासांच्या भयाने बुजवून टाकण्याची त्या काळी टूम निघाली होती. गेडिस म्हणत की तळी राखा, पाण्यात मासे सोडा, बदके पोसा. डासांच्या अळ्यांचा समाचार ती घेतील. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाने गावाची रचना करण्यास घेतली म्हणजे असे उपाय सुचतात.

१९१७ हे वर्ष मात्र त्यांच्या जीवनातील घोर काळरात्र ठरले. एप्रिल महिन्यात त्यांचा ज्येष्ठ पुत्र ॲलास्डर हा फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. ती बातमी आली तेव्हा ॲनाबाई येथे भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस ह्यांनी ती वार्ता त्यांना कळू दिली नाही. पुत्राचे क्षेम गृहीत धरूनच त्या माउलीने जून महिन्यात कलकत्त्यास डोळे मिटले. एकतीस वर्षे ज्यांनी जेम्स कोर्टचा केर काढण्यापासून सर्व कामांत साथ दिली, त्या आता नव्हत्या. ह्या दुःखाच्या छायेतच गेडिस ह्यांनी इंदूरच्या कामास हात घातला.

महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) ह्यांचा तो काळ. खान आणि सरस्वती ह्या नद्यांच्या काठी वसलेल्या इंदुरात कापडगिरण्या निघाल्या होत्या, वस्ती वाढत होती, आणि प्लेग व हिवताप ह्यांनी लोक गांजले होते. दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी गेडिस ह्यांना बोलाविले. त्यांनी नेहमीप्रमाणे बोळांतून हिंडण्यास सुरुवात केली आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की लोक त्यांना पाहून दारे लावून घेतात, बायका मुलांना घरात ओढतात. हा म्हातारा साहेब प्लेग घेऊन येतो, तो ज्या घराकडे बोट दाखवील ते घर पाडले जाईल, अशी वदंता उठली होती. पुण्याची हकीकत ज्यांनी ऐकली असेल त्यांचा ह्यात काय दोष?

येथे दुसरा कोणी असता तर त्याने पोलीस मागितले असते. गेडिस ह्यांनी दरबाराकडे निराळीच मागणी केली. मला एका दिवसापुरता महाराजा करा, असे ते म्हणाले, आणि ती मागणी मान्य झाली! लागलीच शहरभर दवंडी पिटली की येत्या दिवाळीत एक मोठी मिरवणूक निघेल. ती नेहमीच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत अधिक झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील, त्याच रस्त्यांनी ती जाईल. घरातील केरकचरा फुकट उचलून नेण्याची व्यवस्था दरबाराने केली. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. हजारो गाड्या कचरा बाहेर पडला. उंदीर पकडण्याचे सापळे वाटले गेले व हजारोंनी उंदीर धरले गेले. भिंतींना चुना लागला, बिळे बुजली, पडवीची मोडलेली खांबटी बदलली गेली. पेंटर, सुतार, गवंडी ह्यांना उसंत मिळेना. महाराजांच्या हुकमाने जे काम वर्षात झाले नसते ते आपल्या दारावरून मिरवणूक जावी ह्या हौसेने काही दिवसांत झाले. आमच्या मते गेडिस ह्यांच्या सर्व आयुष्यातील हे सर्वांत शहाणपणाचे कृत्य होय; कारण दिवाळीपूर्वी घर झाडणे ही येथील प्रत्येक गृहिणीची स्वतःचीच रीत आहे, ती परक्या साहेबाने शिकविलेली नव्हे. त्याने फक्त ती ओळखली आणि तिला वाट करून दिली.

मिरवणुकीचा थाट काय वर्णावा! पुढे हत्ती, उंट, घोडे, सरदार. त्यांच्या मागोमाग भेसूर वाद्यांच्या आवाजात दैत्य, वाघ व लुटारू ह्यांची सोंगे. मग पडक्या, गलिच्छ घरांच्या प्रतिकृती, मोठाले डास, आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे थरथरणारा एक अजस्र प्लेगचा उंदीर. थोडे अंतर सोडून वाद्ये एकदम मंगल झाली, आणि पुढे आले ते शहरातील झाडूवाले. अंगावर शुभ्र स्वच्छ कपडे, बैलांची शिंगे रंगविलेली, गाड्या धुऊन सजविलेल्या. ज्यांची सावलीही त्या काळी टाळली जाई, त्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले. शहराच्या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाचा कारागीर कोण, हे गेडिस ह्यांनी एक शब्दही न बोलता सर्वांना दाखविले. त्यांच्या मागून लक्ष्मी आली आणि लक्ष्मीबरोबर इंदूर नगराची एक नवी देवता आली. तिच्या हातात नव्या शहराचा नकाशा होता. मग नव्या घरांच्या प्रतिकृती, कारागिरांचे समूह, आणि अखेरीस फळाफुलांनी व भाज्यांनी भरलेल्या गाड्या. त्या गाड्यांवरून तुळशीची रोपे लोकांना वाटण्यात आली. शेवटी त्या दैत्याचे व प्लेगच्या उंदराचे दहन झाले आणि दारूकामाने रात्र उजळली.

तुळशीचे रोप वाटण्यामागील धोरण सूक्ष्म आहे. तुळस लावावयाची तर अंगण साफ पाहिजे, ऊन पाहिजे, रोज कोणीतरी पाणी घातले पाहिजे. जेथे तुळशीवृंदावन जपले जाते तेथे कोणी उकिरडा करीत नाही. हे गेडिस ह्यांनी आपल्या बायाबापड्यांना पाहूनच ओळखले होते, आणि घरातील त्या एका वृंदावनापासून मोहल्ल्याच्या बागेपर्यंत त्यांची योजना पसरत गेली होती.

१९१८ साली त्यांनी होळकर दरबारास आपला अहवाल दोन भागांत सादर केला. तो त्यांच्या भारतातील अहवालांत सर्वांत मोठा व महत्त्वाचा गणला जातो. त्यात जुन्या वस्तीची दुरुस्ती आहे, नदीकाठच्या बागा आहेत, गिरणीकामगारांसाठी अंगणासह घरे आहेत, ग्रंथालय व विद्यापीठ ह्यांचाही विचार आहे. परंतु ज्या मुद्द्यावर त्यांनी इंजिनियरांशी कडाक्याचा वाद केला तो होता मैल्याचा. इंजिनियरांचे म्हणणे, सर्व घाण भुयारी गटारांत लोटावी. गेडिस ह्यांचे म्हणणे, ती मातीला द्यावी. गटारे वाहती ठेवण्यास मुबलक पाणी लागते, ते माळव्यात कोठून आणावयाचे? पैसाही अफाट लागतो, आणि तो पैसा घरांच्या दुरुस्तीतून कापला जाणार. उलट तीच घाण योग्य रीतीने कुजवून वस्तीजवळच्या बागांना घातली तर भाजी पिकेल, फळे येतील आणि खर्चातील काही भाग भरूनही निघेल. आपल्या शेतकऱ्यांनी ह्या पदार्थाला सोनखत हे नाव उगीच दिलेले नाही. अशा रीतीने घराची स्वच्छता, शहराची बाग आणि दरबाराचा जमाखर्च ह्या तीन गोष्टी त्यांनी एकाच दोरीत ओवल्या. तो घडीचा नऊ चौकोनांचा कागद येथे कामास आला.

ह्या सूचना सर्वच अमलात आल्या असे नाही. काही भाग झाला, पुष्कळसा कागदावर राहिला. एवढ्या वेगवेगळ्या खात्यांना वर्षानुवर्षे एका कामात बांधून ठेवावयाचे तर तेथेच ठाण मांडून बसणारा कारभारी हवा. आणि गेडिस तर अहवाल लिहून पुढच्या गावाला निघत. खान नदीकाठी त्यांनी योजिलेल्या उद्यानांऐवजी पुढे कित्येक दशके शहराचे सांडपाणीच त्या पात्रातून वाहिले, हे इंदूरला जाणाऱ्या आपल्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि माती आणि शहर ह्यांचा संबंध जोडण्याचा विचार इंदुरातून नष्ट झाला नाही. १९२४ साली तेथे वनस्पतिसंशोधन संस्था सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे प्रमुख झाले. त्यांनी यशवंत वाड ह्या आपल्या सहकाऱ्याच्या साहाय्याने पालापाचोळा, शेण, मूत्रमाती व राख ह्यांचे थर देऊन, वेळोवेळी खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावे तिचे पुस्तक निघाले आणि इंदूर पद्धत ह्या नावाने ती जगभर गेली. अलीकडे २०१७ ते २०२३ अशी सलग सात वेळा इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि २०२२ पासून तेथील ओल्या कचऱ्यातून गॅस व खत काढण्याचा मोठा कारखाना चालू झाला. घरोघर ओला व सुका कचरा वेगळा करणाऱ्या त्या शहरातील गृहिणींना गेडिस हे नाव ठाऊक नसेल. काम मात्र त्यांच्याच ओळखीचे आहे.

इंदूरनंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्यांचे अध्यापन सुरू झाले आणि गेडिस हे तेथील पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याच शिफारशीवर विलायतेस गेलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९२४ मध्ये त्या विभागाची धुरा घेतली व भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. जगदीशचंद्र बोस ह्यांच्याशी गेडिस ह्यांचा दाट स्नेह होता. १९२० साली त्यांनी बोस ह्यांचे चरित्र लिहिले. मधल्या काळात ते पॅलेस्टाइनला जाऊन आले. १९२५ साली त्यांनी तेल अवीव ह्या नव्या शहराचा आराखडा केला, आणि त्यातही घरांच्या समूहाच्या पोटात बागेसाठी जागा राखून ठेवण्यास ते विसरले नाहीत.

प्रकृती ढासळू लागल्याने १९२४ साली त्यांनी भारत सोडला आणि दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिये शहराबाहेरच्या एका उजाड, दगडाळ टेकडीवर मुक्काम केला. सत्तरीच्या ह्या म्हाताऱ्याने तेथे पुन्हा कुदळ हातात घेतली. दगडांचे बांध घालून जमीन सपाट केली, झाडे लावली, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले आणि एडिंबरोसारखा एक मनोराही बांधला. पैशाची ओढाताण पूर्वीसारखीच होती. पूर्वी एकदा नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारली व ती घेण्यासाठी ऐन हिवाळ्यात ते लंडनला जाऊन आले. परत आले ते आजारी होऊनच. १७ एप्रिल १९३२ रोजी, बागेत वसंत ऋतूची फुले उमललेली असताना, त्याच टेकडीवर त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा ७७ वर्षांचे होते.